'फॉलोअर' : न फिटणाऱ्या हिशेबाची कविता

आयरिश कवी शेमस हीनी यांची 'फॉलोअर' ही कविता सामान्यतः 'भूमिकांची अदलाबदल' या सूत्राने उलगडली जाते. घोड्यांचा नांगर धरणारा निष्णात बाप आणि त्याच्या मागून ठेचकाळत चालणारा मुलगा हे तिचे प्रारंभीचे चित्र. शेवटी बापच मुलाच्या मागे अडखळतो आहे आणि मागून हटत नाही. वार्धक्य म्हणजे दुसरे बालपण, हा या वाचनाचा निष्कर्ष. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, असे माझे मत आहे.

प्रथम चरित्रातील एका तपशिलाचा निर्देश आवश्यक वाटतो. १९६६ साली 'डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट' या संग्रहात ही कविता आली, तेव्हा हीनी २७ वर्षांचे होते. त्यांचे वडील त्यानंतर २० वर्षांनी, १९८६ मध्ये निवर्तले. तेव्हा मागून येणाऱ्या या बापाला दिवंगताची स्मृती मानता येत नाही. मुलगा त्याच्यापासून दुरावला तो शिक्षणामुळे. डेरी परगण्यातील शेतावरून हीनी बाराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर वसतिगृहाच्या शाळेत गेले आणि पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकले. ही वाट बापाच्या पायाखालची नव्हती.

दोघांचे अडखळणे म्हणूनच सारखे नाही. मुलाच्या पडण्यात उमेद आहे. मोठेपणी त्यालाही नांगर धरायचा आहे. बापाच्या अडखळण्याला असा उद्या नाही. शिवाय बापाने लहानग्याला अधूनमधून पाठीवर घेतले होते. मोठा झालेला मुलगा बापाला पाठीवर घेताना कोठेही दिसत नाही. कविता याविषयी मौन पाळते, पण तिचा खरा सल मला येथेच जाणवतो.

येथे आनंद यादवांच्या 'झोंबी'चे (१९८७) स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथे बाप शिक्षणाच्या आड येतो. मुलाला त्याच्याशी झगडावे लागते आणि त्या झगड्यातच निघून जाण्याचे समर्थनही मिळते. हीनींच्या कवितेतील बाप कशाच्याही आड येत नाही. ज्याच्याशी भांडण नाही, त्याला मागे सोडल्याचे समर्थन कोठे शोधावे?

लॅटिनमधील 'वर्सस' हा शब्द कवितेच्या ओळीसाठी आणि नांगराच्या तासासाठीही वापरला जाई. चार-चार ओळींच्या सहा यमकबद्ध कडव्यांत हीनींनी बापाचीच शिस्त जोपासली आहे, असे म्हणता येईल. मात्र या तासांत बापाचे पीक येत नाही.

शेतकऱ्यांच्या घरांतून विद्यापीठात आलेल्या आपल्यापैकी अनेकांना ही अस्वस्थता अपरिचित नसावी. 'अदलाबदल' म्हटले की देणेघेणे पुरे झाल्याचे समाधान मिळते. या कवितेत हिशेब फिटत नाही, म्हणूनच बाप मागून हटत नाही.