ताकदीचा डबा डॉक्टरांना दाखवा

मागच्या महिन्यात विहारातली महिला मंडळाची बैठक संपल्यावर एक ताई आम्हाला बाजूला घेऊन गेल्या. त्यांच्या पतीला गालाच्या कॅन्सरसाठी लाईट, म्हणजे रेडिएशन, चालू आहे. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू काढली. ताकदीच्या पावडरचा डबा, व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल, 'इम्युनिटी'चा काढा, आणि शेजारच्या बाळंतिणीकडे उरलेल्या लाल गोळ्या. डबा बचत गटाच्या कर्जातून आणलेला. "डॉक्टरांना सांगितलं का?" असे विचारले, तर म्हणाल्या, "नाही मॅडम, ओरडतील."

या 'ओरडतील'बद्दल आधी बोलले पाहिजे. आम्ही वॉर्डात बरीच वर्षे काढली. औषधे वेळेवर घेता का, हे रोज विचारले; आणखी काय घेता, हे क्वचितच. कुणी आपणहून सांगितलेच, तर चारचौघांत झापले. मग माणसे लपवणारच. ही चूक आमची, आम्हा नर्सेसची आणि डॉक्टरांचीही.

व्हिटॅमिनने फायदा नाही झाला तरी तोटा नाही, असे आपल्या वस्तीत सगळे मानतात. ते खरे नाही. रेडिएशनने पेशीत विध्वंसक कण तयार होतात आणि पेशी मरते. काही केमोही असेच काम करतात. ई, सी, बीटा-कॅरोटीन मोठ्या मात्रेत घेतले तर ते हेच कण टिपून घेतात. त्यात कॅन्सरची पेशीही वाचू शकते. कॅनडात क्वेबेकमध्ये रेडिएशन घेणाऱ्या डोके-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००५ मध्ये छापून आला. व्हिटॅमिन ई चालू असेपर्यंत, ते घेणाऱ्यांत कॅन्सर उलटण्याचे किंवा दुसरा नवा होण्याचे प्रमाण जास्त निघाले. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडचा अभ्यास आला होता. सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष. त्यांत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त झाला.

म्हणून सगळ्याच गोळ्या फेकून द्या, असेही नाही. त्या लाल गोळ्यांतले फॉलिक अॅसिड पाहा. आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबीन चालू असेल, तर त्याने जुलाब, तोंड येणे, तळहात-तळपाय सोलणे वाढू शकते. आणि फुप्फुसाच्या एका प्रकारात देतात त्या पेमेट्रेक्सेडसोबत मात्र डॉक्टर स्वतःच फॉलिक अॅसिड आणि बी-१२ देतात, नाही दिले तर धोका. जठर पूर्ण काढलेल्या माणसाला बी-१२ जन्मभर लागते. लेट्रोझोल घेणाऱ्या बाईची हाडे झिजतात, तिला कॅल्शियम आणि डी बहुधा लिहून देतातच. कुणाला काय, हे दुकानदाराला कसे कळणार?

डी च्या पावडरीबद्दल वेगळे सांगतो, कारण ही चूक आम्ही घरोघरी पाहतो. ६०,००० युनिटचे पाकीट सहसा आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. लोक रोज घेतात. रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, माणूस भ्रमल्यासारखा होतो, किडनीला इजा होते; घरच्यांना वाटते, कॅन्सरच वाढला. उपचार संपल्यावरही हे लागू आहे. तेव्हा तर विचारणारे कुणी नसते, आणि डबे विकणारे जास्त येतात. आजार बरा करतो अशी कॅन्सरच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सप्लिमेंटच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' हे छापावेच लागते. ते असते इंग्रजीत, बारीक अक्षरांत.

दीड हजाराच्या डब्यात दोनशे अंडी येतात. गिळता येत असेल तर उकडलेले अंडे भाताच्या पेजेत कुस्करून, घट्ट वरण, दाण्याचे कूट घातलेली पातळ खीर द्या. तिखट नको. वजन घटतच असेल तर पावडरही लागते, पण ती आहारतज्ज्ञाने सांगितलेली.

आमची मागणी साधी आहे. केसपेपरवर 'इतर काय घेता?' असा एक रकाना असावा, आणि तो नर्सने न रागावता भरावा. तोवर ओपीडीला जाताना घरातले सगळे डबे, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घेऊन जा.

त्या ताईंसोबत आमच्यातली एक गेली होती. डॉक्टर ओरडले नाहीत. कॅप्सूल आणि काढा बंद केला, लाल गोळ्यांऐवजी आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगितले. गिळणे अवघड झाल्यामुळे उरलेली पावडर संपवा, नवी आणू नका, असे आहारतज्ज्ञ म्हणाल्या. कर्जाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.