‘बरी झाली’ – कुणाच्या मापानं?

“आता बरी आहे. स्वयंपाक करते, मुलांचं बघते.” बायपोलर आजार असलेल्या बाईबद्दल घरचे असं सांगतात आणि आपण कार्यकर्त्याही हुश्श करतो. मैत्रिणींनो, तिला झोप लागते का, चार पैसे तिच्या हाती असतात का, मनासारखं काही करता येतं का, हे कोण विचारतं? पोळ्या लाटणं हाच बरेपणाचा पुरावा असेल, तर आपण फक्त घराची सोय मोजतो आहोत.

उन्मादाच्या काळात ती ‘उंडगी’, नैराश्यात ‘आळशी’. मधल्या दिवसांत लक्षणं ओसरली तरी उमेद आणि एकाग्रता लगेच परतत नाही. ते मात्र कुणाला दिसतच नाही. या आजारात नियमित झोप फार महत्त्वाची, जागरणानं उन्माद उसळू शकतो. पण सगळ्यांच्या मागून निजणारी आणि पहाटे पाणी भरायला उठणारी तीच! लिथियम घेणाऱ्या बाईच्या शरीरातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. तरी हरतालिकेला निर्जळी उपास, वर जागरण. रक्ततपासणीला जायचं तर एसटीचे पैसे नवऱ्याकडे मागायचे. आणि शेवटी ठपका तिच्यावरच: “एवढ्या गोळ्या खाऊनही काही फरक नाही.”

नवरा कोर्टात गेला की निदानाचा कागद हत्यार होतो. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण आजाराचं नुसतं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात बजावलं. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे?

आणि आपण तरी काय करतो? बैठकीत ती चिडून बोलली की हळूच विचारतो, “गोळी घेतलीस ना?” बाकीच्यांचा राग राजकीय, तिचा तेवढा आजार! हिशेबाची वही तिच्याकडे द्यायला कचरतो. तिला थांबावं लागेल तेव्हा काम वाटून घेणं आणि ती परतेपर्यंत तिची जागा राखणं, ही संघटनेची जबाबदारी आहे. यात उपकार कसले?

पुढच्या वेळी ‘बरी आहे का?’ हे घरच्यांना विचारू नका. तिलाच विचारा. आणि उत्तर ऐकायला जरा बसा.