घमेलंभर बिया

सुरतेतले लिंबायत, उधना, डिंडोली. या भागात भंडारा म्हटला की गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी हवीच. तापी लाइनच्या गाडीने खान्देशातून सुरतेला आलेल्यांची पुढची पिढी इथेच वाढली, पण पंगतीतली ही भाजी सुटली नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांनाही पुरणपोळीशेजारी तीच असते. चांगलंच आहे. फळ स्वस्त आहे, टिकतंही भरपूर. त्यातलं बीटा-कॅरोटिन स्निग्धाशिवाय अंगी नीट लागत नाही. तेलाची फोडणी ते काम चोख करते.

आक्षेप आहे तो फोडणीच्या आधी जे होतं त्यावर. फळ दुभागलं की आचारी आतला तंतुमय गाभा बियांसकट खरवडतो आणि घमेल्यात टाकतो. दहा-बारा फळं चिरली की घमेलं भरतं. मग ते मांडवामागे कचऱ्यात रिकामं होतं. एवढ्या फळांतला सर्वांत सकस भाग त्या घमेल्यात असतो.

100 ग्रॅम गरात प्रथिनं असतात जेमतेम एक ग्रॅम. सोललेल्या बियांत तीच सुमारे 30 ग्रॅम. शिवाय मुलांच्या वाढीला लागणारं जस्त, सात मिलिग्रॅमच्या वर. बी सोलल्यावर वजन घटतं, हे खरं. घरच्या पावशेर फोडीतून चमचाभरच बिया निघतात, हेही खरं. म्हणून तर बोलायचं ते भंडाऱ्याबद्दल. तिथे बियांचा हिशेब चमच्यांनी होत नाही.

भोपळ्याच्या बिया याच शहरात सुक्यामेव्याच्या दुकानात पाकिटबंद मिळतात, काजू-बदामांच्या रांगेत. लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा कारागीर ते पाकीट घेत नाही. त्याला परवडतं ते गंगाफळ, आणि त्यातलं नेमकं हेच आपण त्याच्या पंगतीमागे फेकतो.

गावी या बिया धाब्यावर वाळत पडायच्या. पोरं येता-जाता सोलून खायची. इथे धाबं नाही, पण पत्रे आहेत, गच्च्या आहेत. पावसाळ्यात ऊन नसलं तरी अडत नाही. भाजी उतरल्यावर भट्टी तापलेलीच असते. धुतलेल्या बिया मोठ्या कढईत मंद आचेवर कोरड्या होईपर्यंत हलवायच्या, वर मीठ. अगदी लहानांसाठी सोलून लसूण-मिरचीबरोबर कुटल्या की भाकरीबरोबर खायला चटणी झाली.

गडबडीत हे कोण करणार, असं मंडळवाले म्हणतील. वाढायला पंचवीस पोरं उभी असतात. त्यातली दोन घमेल्यापाशी बसवावीत. भाद्रपदातले भंडारे आता दूर नाहीत. आचाऱ्याला सुपारी देतानाच सांगून ठेवावं: बिया वेगळ्या काढायच्या, आणि पाण्याची एक बादली तिथेच ठेवायची.