पीएच.डी.ला विमा स्वस्त का?



न्यू जर्सीत गाडीच्या विम्याचे कोटेशन मागायला बसलात की काही कंपन्यांचा फॉर्म गाडीचे मॉडेल, घरचा पत्ता आणि मागच्या काही वर्षांतली तिकिटे यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी विचारतो. तुमचे शिक्षण किती, आणि तुम्ही काम काय करता? आपल्यापैकी बहुतेकांनी मास्टर्स किंवा डॉक्टरेटवर टिचकी मारून पुढचे पान उघडले असणार. त्यात अडण्यासारखे काय आहे? उलट आपल्या फायद्याचाच प्रश्न आहे.

२०२४ मध्ये मी एक साधा उद्योग करून पाहिला. तीन कंपन्यांकडे तीच गाडी, तोच पत्ता, तेच स्वच्छ रेकॉर्ड ठेवून फक्त शिक्षण आणि व्यवसाय बदलून कोटेशन मागितले. एकदा पीएच.डी. झालेली वैज्ञानिक, एकदा हायस्कूल झालेली सफाई कामगार. दोन कंपन्यांत आकडा हलला नाही. तिसरीत सफाई कामगाराचा प्रीमियम वाढला. तीन कोटेशने म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळते. पण यात चोरून काही चाललेले नाही. राज्याने वर्षानुवर्षे याला मुभा दिलेली आहे.

माझे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. प्रीमियम ठरवताना जी उतरंड लागते, तीच अपघातानंतर क्लेमच्या वेळी पुन्हा लागते. कमी पैसे भरणाऱ्याला क्लेम पुरा मिळतो, आणि जास्त भरणारा अर्ध्यावर सोडून देतो. हे मी जवळून पाहिले, म्हणून लिहिते आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रूट २७ वर लाल दिव्याला मी थांबलेले असताना मागून एका जुन्या सेडानने धडक दिली. शेजारी आई बसली होती, सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेली. तिचे मनगट मोडले. चालवणारा मुलगा विशीतला, घाबरून पांढरा पडलेला. आई मनगट धरून मला म्हणत होती, "अगं, त्या पोराला लागलंय का ते बघ आधी." पोलीस रिपोर्ट झाला, चूक कोणाची याबद्दल वाद नव्हता. तरीही पुढचे चार महिने माझ्या फायलीत कागद वाढतच राहिले.

त्या मुलाकडे 'बेसिक पॉलिसी' होती. न्यू जर्सीतली ही सर्वात किरकोळ विम्यांपैकी एक. ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त ५ हजार डॉलर देते. दुसऱ्याच्या शारीरिक इजेसाठी तिच्यात मुळात तरतूदच नसते; वेगळे पैसे भरून १० हजारांची घेता येते. त्याच्याही खाली 'डॉलर अ डे' म्हणून ओळखली जाणारी पॉलिसी आहे, मेडिकेडवर असलेल्या काही लोकांसाठी, वर्षाला ३६५ डॉलर. ती मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या तातडीच्या उपचारांचा खर्च देते, समोरच्याला एक पैसाही नाही. दोन्ही पूर्ण कायदेशीर. अशा पॉलिसीवाल्याला आपली मंडळी पार्टीत बेजबाबदार म्हणतात, तेव्हा हे लक्षात घ्यावे की राज्यानेच त्याला परवडेल एवढा विमा असा तुकडा पाडून दिलेला आहे.

माझी गाडी माझ्याच पॉलिसीतल्या कोलिजन कव्हरमधून दुरुस्त झाली. खरी लढाई आईच्या बिलांची. इमर्जन्सी रूम, एक्स-रे, प्लास्टर, पुढच्या भेटी मिळून बिल ११ हजारांच्या वर गेले. माझ्या विमा कंपनीचा ॲडजस्टर फोनवर गोड बोलायचा. त्याचे म्हणणे, तुमची आई इथली रहिवासी नाही, तेव्हा आधी त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स वापरा. व्हिजिटर इन्शुरन्सवाले म्हणाले, हा गाडीचा अपघात, तेव्हा आधी गाडीचा विमा. शिवाय तो प्लॅन ठरावीक रकमा देणारा. इमर्जन्सी रूमच्या एका भेटीला काहीशे डॉलर, बस्स. बाकीचे आपण.

ज्यांचे आईवडील, सासूसासरे येऊन राहतात त्यांनी पुढचे नीट वाचावे. न्यू जर्सी हे 'नो-फॉल्ट' राज्य आहे. चूक कोणाचीही असो, उपचारांचा खर्च 'पर्सनल इंजुरी प्रोटेक्शन' म्हणजे पीआयपी या कव्हरमधून निघतो. ते पॉलिसीधारकाला आणि घरात राहणाऱ्या नातेवाइकांना तर लागू असतेच, पण पॉलिसीधारकाच्या गाडीत बसलेल्या प्रवाशालाही लागू होते. प्रवाशाचा व्हिसा कोणता, हा प्रश्न त्यात येत नाही. आणि लेखी सूचना मिळाल्यावर कंपनीने साधारण ६० दिवसांत पैसे द्यायचे असतात.

मी पॉलिसीचे सगळे पान न् पान वाचले. रविवारी दुपारी बसून पत्र लिहिले, कलमाचा उल्लेख केला, प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ दिली, आणि शेवटी लिहिले की दहा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ट्रेंटनच्या बँकिंग अँड इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करीन. आठव्या दिवशी बिले मंजूर झाली. वकील लागला नाही.

ही काही माझ्या शौर्याची कथा नव्हे. ते पत्र लिहायला काय लागले ते बघा. चाळीस पानांचे कायदेशीर इंग्रजी वाचण्याची सवय. कामाच्या वेळात अर्धा तास होल्डवर थांबता येईल अशी नोकरी. हॉस्पिटलचे बिल चार महिने अडले तरी घरभाडे चुकणार नाही एवढी शिल्लक. आणि सरकारी खात्याचे नाव घेतले तर आपलेच काही बिघडेल, ही भीती नसणे. यातले एकही पॉलिसीत लिहिलेले नाही, पण त्याच्याशिवाय पॉलिसीतले मिळत नाही.

हे मला कळले ते आमच्या इमारतीत संध्याकाळी सफाईला येणाऱ्या बाईंमुळे. त्या मूळच्या इक्वाडोरच्या. माझ्या दारावरच्या पाटीमुळे त्यांच्या लेखी मी हाडांची डॉक्टर. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या खांदा दाखवायला आल्या. तीन महिन्यांपूर्वी सहकाऱ्याच्या गाडीतून घरी जाताना दुसऱ्या गाडीने सिग्नल तोडून त्यांच्या बाजूला धडक दिली होती. त्या सहकाऱ्याच्या पॉलिसीतले पीआयपी किमान, १५ हजार डॉलरचे. ते इमर्जन्सी रूम, एमआरआय आणि फिजिओथेरपीत संपले. आता शस्त्रक्रिया सांगितली होती.

मी हाडांची डॉक्टर नाही हे सांगून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. धडक देणाऱ्याच्या कंपनीने अपघातानंतर तिसऱ्या आठवड्यात अडीच हजार डॉलरचा चेक दिला होता आणि या कागदावर सही घेतली होती. कागद इंग्रजीत. 'रिलीज.' या अपघातातून आज दिसणाऱ्या आणि पुढे उद्भवणाऱ्या सर्व इजांबद्दलचे सर्व दावे सोडून दिले, असा त्याचा अर्थ. दुखापतीचा दावा लावायला कायद्याने दोन वर्षे मिळतात. त्यांनी तीन आठवड्यांत सही केली, कारण महिन्याची एक तारीख जवळ आली होती आणि खांद्यामुळे दोन पाळ्या बुडाल्या होत्या. मी त्यांना एका कायदा मदत केंद्राचा पत्ता दिला. तिथेही कागद पाहून फारशी आशा दाखवली नाही. त्या अजून डाव्या हाताने मॉप ओढतात.

कोणी म्हणेल, वाचून सही करायला हवी होती. जरूर. पण न वाचता येणाऱ्या भाषेतला कागद, सोबत चेक, आणि शेजारी भाड्याची तारीख ही जुळणी आपोआप होत नाही. लवकर आणि थोडक्यात मिटवणे कंपनीच्या हिताचे असते. ज्याला घाई आहे तो स्वस्तात मिटवतो, आणि घाई गरिबालाच असते. मी आठ महिने थांबू शकले असते, हेच माझे खरे विमा कव्हर.

आता पुन्हा प्रीमियमकडे येते. कंपन्यांचा युक्तिवाद असा की आकडे सांगतात तसे दर आम्ही लावतो. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. फेडरल ट्रेड कमिशनने २००७ मध्ये क्रेडिटवर आधारित विमा-स्कोअरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की हा स्कोअर क्लेमचे भाकीत खरोखर करतो. त्याच अहवालात असेही दिसले की सर्वात खालच्या स्कोअरमध्ये कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

संशोधक म्हणून माझा प्रश्न मोजमापाचा आहे. हे आकडे क्लेमचे आहेत, अपघातांचे नाहीत. आपल्या पार्किंगमध्ये बंपर खरवडला तर आपण काय करतो? आठशे डॉलर खिशातून देतो, क्लेम करत नाही, प्रीमियम वाढू नये म्हणून. ज्याच्याकडे आठशे डॉलर नाहीत तो क्लेम करतो. कागदावर आपण सावध चालक ठरतो आणि तो धोकादायक. शिक्षण, व्यवसाय, क्रेडिट यांतून काही अंशी तरी गाडी चालवण्याची रीत नव्हे, तर खिशातली शिल्लक मोजली जाते. आणि ती मोजून ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याच्याकडून जास्त घेतले जाते. मग तो बेसिक पॉलिसीवर येतो. मग तो आपल्याला मागून धडकतो, आणि आपण म्हणतो, बघा, या लोकांकडे विमाच धड नसतो.

दुसरी वाट नाही असे नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रपोझिशन १०३ मंजूर केले. तिथे दर ठरवताना आधी चालकाचे रेकॉर्ड, मग वर्षाकाठचे मैल, मग चालवण्याचा अनुभव, असा क्रमच घालून दिला आहे. क्रेडिट स्कोअर तिथे चालत नाही. मॅसॅच्युसेट्स आणि हवाईतही नाही. मिशिगनने २०१९ च्या कायद्यात शिक्षण आणि व्यवसाय हे दोन्ही निकष बाद केले. किमान विम्याची रक्कमही दगडावरची रेघ नाही. कॅलिफोर्नियात ती १९६७ पासून २०२४ अखेरपर्यंत तशीच राहिली आणि २०२५ मध्ये एका व्यक्तीच्या इजेसाठी १५ हजारांवरून ३० हजार झाली. न्यू जर्सीच्या २०२२ च्या कायद्याने स्टँडर्ड पॉलिसीची ही मर्यादा १५ हजारांवरून २०२३ पासून २५ हजार आणि २०२६ पासून ३५ हजार ठरवली. बेसिक पॉलिसी मात्र त्याच्या बाहेर राहिली.

आपण जिथून आलो तिथली व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढचे खटले किती रेंगाळतात हे अनेकांच्या घरी माहीत आहे. पण १९८८ चा मोटार वाहन कायदा करताना त्रयस्थाच्या मृत्यूसाठी आणि इजेसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची कमाल मर्यादा घातली नव्हती. रस्त्यावरच्या माणसाला झालेली इजा जेवढी, तेवढी भरपाई, हे तत्त्व गरीब देशाला सुचू शकते. श्रीमंत देशाने ते परवडत नाही म्हणावे, हे पटत नाही.

विम्याचे नियमन १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून मुख्यतः राज्यांकडे आहे. म्हणजे हा विषय वॉशिंग्टनचा नाही. न्यू जर्सीवाल्यांसाठी तो ट्रेंटनचा आहे, जिथे आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला आपला ईमेल खरोखर वाचावा लागतो. शिक्षण, व्यवसाय आणि क्रेडिट हे निकष काढण्याची विधेयके तिथे एकाहून जास्त वेळा मांडली गेली आहेत. ज्यांचा प्रीमियम या निकषांमुळे कमी होतो अशा डॉक्टरेटवाल्यांनी ती उचलून धरली, तर त्या पत्राला वेगळे वजन येईल. सोबत आणखी एक मागणी करावी: दुखापतीच्या दाव्याचा रिलीज सही करणाऱ्याच्या भाषेत असावा, आणि सहीनंतर तीस दिवस तो मागे घेता यावा. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेली वस्तू परत करायला फेडरल नियम तीन दिवस देतो. खांद्याला तीस दिवस मागणे फार नाही.

आणि एक घरचे काम. आपल्या मंडळांत टॅक्सवर, कॉलेज ॲडमिशनवर दर वर्षी व्याख्याने होतात. एक दुपार पॉलिसी वाचण्यासाठी ठेवूया. आपापली पॉलिसी घेऊन यायचे. पीआयपी किती, घरी येणाऱ्या आईवडिलांना काय लागू, डिडक्टिबल किती, हे एकमेकांना वाचून दाखवायचे. दार मात्र फक्त सभासदांसाठी उघडे ठेवू नये. आपल्या ग्रोसरीच्या दुकानात माल लावणारे, मोटेलमध्ये खोल्या आवरणारे, आपल्याच ऑफिसात संध्याकाळी येणारे, यांनाही बोलवावे. स्पॅनिश, गुजराती, हिंदी जाणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. एक पत्र लिहून द्यायला रविवारची एक दुपार पुरते.