‘फक्त संशोधनासाठी’ म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, आधीच सांगतो, माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठीत दोन पानं लिहायची म्हणजे घाम फुटतो. पण ज्या प्रसंगामुळे लिहायला बसलो, त्यात हे कॉन्व्हेंटचं इंग्रजीच कामाला आलं!

आमच्या रूमवरचा एक मित्र काटेवाडीचा. कबड्डीत चढाई करणारा. गेल्या सीझनला पकडीत सापडला आणि गुडघा फिरला. एम.आर.आय.मध्ये लिगामेंट फाटल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, मग व्यायाम. मैदानावर यायला नऊ महिने तरी धरा. नऊ महिने म्हणजे अख्खा सीझन गेला.

एका रात्री त्याने खिशातून अंगठ्याएवढी काचेची बाटली काढली. तळाला चिमूटभर पांढरी पावडर. जिममधल्या कुणीतरी मिळवून दिलेली. ‘‘बी.पी.सी.-१५७ आहे. फाटलेलं सांधतं म्हणे. तुझं इंग्रजी चांगलं, जरा वाच काय लिहिलंय.’’

वाचलं. बारीक अक्षरात दोनच वाक्यं होती. फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.

‘‘असं सगळ्याच औषधांवर लिहितात रे!’’

नाही लिहीत. सगळी गोम इथेच आहे.

बी.पी.सी.-१५७ हे पेप्टाइड, म्हणजे १५ अमिनो आम्लांची छोटी साखळी. जठररसातल्या एका प्रथिनाच्या तुकड्यावर ती बेतलेली आहे, असं तिच्या संशोधकांचं म्हणणं. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये १९९०च्या दशकापासून यावर काम चाललं आहे. उंदरांच्या स्नायूंवर, लिगामेंटवर चांगले परिणाम दिसले, हे खरं. पण माणसांवरच्या चाचण्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही लहान. किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, पाच वर्षांनी काय होईल, याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही.

पेप्टाइड म्हणजे विष असंही नाही. इन्सुलिनसुद्धा ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच, आणि लाखो लोक ते रोज टोचून घेतात. मग फरक कुठे? फरक बाटलीच्या मागे कोण उभं आहे, यात.

आता आपल्या इंजिनीअरिंगच्या भाषेत बघू. अशी साखळी यंत्रावर एकेक मणी जोडत बनवतात. ही पद्धत शोधणाऱ्या मेरिफिल्ड यांना १९८४ साली नोबेल मिळालं. १५ मण्यांना १४ जोड लागतात. प्रत्येक जोड ९९ टक्के बरोबर बसला असं धरा. ०.९९ चा १४ वा घात करा : सुमारे ०.८७. म्हणजे शंभरातल्या १३ साखळ्या बिघडलेल्या! त्या वेगळ्या काढणं हे खरं खर्चाचं काम. विकणारा ‘९९ टक्के शुद्ध’ असा कागद दाखवतो. पण तो कागद याच बॅचचा कशावरून? शिवाय शुद्धतेच्या त्या आकड्यात जंतू मोजलेले नसतात. जंतू मेले तरी त्यांचं विष पावडरीत उरू शकतं. टेस्ट ट्यूबला त्याने फरक पडत नाही, रक्ताला पडतो.

‘ग्रेड’ म्हणजे नुसता शिक्का, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईचं जे.जे. हॉस्पिटल आठवावं. १९८६ साली तिथे उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. ते औषधी दर्जाचं नव्हतंच. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, त्याने मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे लेंटिन आयोग बसला. दिसायला दोन्ही ग्लिसरीन सारखीच! आणि तिथे निदान चौकशी करायला हॉस्पिटल होतं, पुरवठादार होते. आपल्या या बाटलीवर कुणाचा पत्ताही नव्हता. उद्या काही झालं तर विकणारा म्हणणार, मी तर ‘माणसांवर वापरू नये’ असं लिहिलं होतं. ते वाक्य तुम्हाला वाचवण्यासाठी नाही, त्याला वाचवण्यासाठी आहे.

खेळाडूंनी आणखी एक ध्यानात ठेवावं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, २०२२ पासून बी.पी.सी.-१५७ वर बंदी घातली आहे. गुडघा वाचवायला जाऊन करिअर घालवायचं का?

मित्राला मूर्ख म्हणायला मी हे लिहीत नाही. विशीत नऊ महिने पलंगावर काढणं काय असतं, ते मी रोज समोर पाहिलं. बाटली घेऊन येणारा त्याला निदान ‘तू बरा होशील’ म्हणाला होता. आपण काय म्हणालो? संघात त्याच्या जागी दुसरा घेतला आणि विषय संपला. म्हणून सरांना आणि जिमखान्याला माझी विनंती आहे. दरवर्षी नव्या जर्सींवर खर्च होतो, तो जरूर व्हावा. पण आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्टही बोलवा. दुखावलेल्या पोराला हक्काने विचारायला कुणी असलं, तर तो जिमच्या कोपऱ्यात विचारायला जाणार नाही.

मित्राने ती बाटली उघडली नाही. ऑपरेशन झालं, व्यायाम चालू आहे, आणि त्याबद्दलची कुरकुरही! यंदा काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण झालं, तेव्हा तो काठी न घेता गर्दीत उभा होता. पळायला अजून वेळ आहे.

तेव्हा दोस्तहो, कुणी अशी बाटली हातात ठेवली, तर आधी लेबल वाचा. इंग्रजी अडलं तर आमच्या रूमवर या. चहा तुमचा!

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष