सभापतीविना सभागृह

विधानपरिषद हे कधीही विसर्जित न होणारे सभागृह आहे. ७८ सदस्यांपैकी सुमारे एकतृतीयांश दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, नवे येतात, सभागृह अखंड चालते. परंतु सभापतिपद सदस्यत्वाशी बांधलेले असल्याने सदस्यत्वाची मुदत संपताच तेही जाते. जुलै २०२२ मध्ये रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत संपली. राम शिंदे यांची निवड झाली ती १९ डिसेंबर २०२४ रोजी. जवळजवळ अडीच वर्षे वरिष्ठ सभागृहाला सभापती नव्हता.

पद रिक्त होताच सभागृहाने नवा सभापती निवडावा, असे घटनेचे १८२ वे कलम सांगते. कालमर्यादा मात्र घालीत नाही. या काळात उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी काम पाहिले. त्यास घटनेची अनुमती आहे. पण सोय म्हणजे व्यवस्था नव्हे. पक्षांतराचा निवाडा सभापतींनी करावयाचा असतो. जुलै २०२३ मध्ये खुद्द उपसभापतींनीच पक्ष बदलला, तेव्हा त्या आसनाच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न उभा राहणे अटळ होते. याच आसनावर १९६० ते १९७८ वि. स. पागे होते. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आसनाचे मोल त्यावर बसणाऱ्याच्या नैतिक वजनाने ठरते. आसनच रिकामे ठेवले, तर ते वजन येणार कोठून?

रायगडच्या किनाऱ्याला याची झळ दुहेरी लागली. परिषदेच्या २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी निवडतात. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग ही त्यांतील एक. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनचे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य तिचे मतदार. २०२२ पर्यंत बहुतेक संस्थांच्या मुदती संपून तेथे प्रशासक बसले. २०२४ मध्ये ही जागा रिकामी झाली, तेव्हा बहुतांश मतदारच उरले नव्हते. नगरपरिषदांच्या निवडणुकांना डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. जून २०२० च्या निसर्ग वादळाने ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, त्या बागायतदारांचे आणि कोळीवाड्यांचे गाऱ्हाणे मांडणारी ही एक वाट अशी बंद राहिली.

वरचे आसन रिकामे आणि खालची संस्था प्रशासकाच्या हाती, या दोन्हींचे मूळ एकच: निवडणूक सत्तेच्या सोयीने घ्यावयाची ही वृत्ती. सभापतीची निवड ठराविक मुदतीत झालीच पाहिजे आणि स्थानिक निवडणुका एक दिवसही लांबता कामा नयेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांतून लावून धरली पाहिजे. सभागृह कायम असून भागत नाही. त्यातील लोकांचा वाटाही कायम असावा लागतो.