मासा सोडून दिला, एवढे पुरे नाही

फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे आणि केस बांधून खोटे भक्ष्य तयार करतात. नेहमीची फ्लाय बहुधा एखाद्या किड्यासारखी दिसते; स्ट्रीमर मात्र छोट्या माशाची नक्कल करतो. ब्राउन ट्राउट मोठा होत जातो तसा किड्यांवरून माशांकडे वळतो, त्यामुळे स्ट्रीमरवर झडप घालणारा मासा अनेकदा थोराड असतो. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. म्हणजे हौशी गळवाल्याच्या हाती येतो तो नदीच्या पुढच्या पिढ्यांचा आधार. पकडलेला मासा परत पाण्यात सोडण्याची चांगली प्रथा अमेरिकेत आता रुजली आहे. पण तेवढ्याने कर्तव्य संपते, हा समज आता बदलायला हवा.

स्ट्रीमर घडवणाऱ्यांची दृष्टी आधी पाहू. डॉन गेपन यांनी 1930च्या दशकात ओंटारिओतील निपिगॉन नदीवर मडलर मिनो बांधला. तळाशी दगडांत राहणारा, मोठ्या डोक्याचा स्कल्पिन हा छोटा मासा तिथल्या ब्रुक ट्राउटचे खाद्य. त्याचे रुंद डोके साधण्यासाठी गेपन यांनी हरणाचे केस बांधून ते कातरले. पेनसिल्व्हेनियातील रसेल ब्लेसिंग यांचा वुली बगर 1967चा. तो मुळात बास या माशासाठी बांधलेला, पण आज ट्राउटवाल्यांच्या पेटीतही तो हमखास सापडतो. सस्क्वेहाना नदीवरचे बॉब क्लाउझर यांनी गळाच्या मानेवर शिशाचे जड डोळे बसवले. दोरी ओढली की आमिष पुढे सरते, हात थांबला की नाक खाली करून बुडते. त्या बुडण्याच्या क्षणीच स्मॉलमाउथ बास अनेकदा तोंड घालतो. या तिघांनीही आधी नदी वाचली आणि मग गळ बांधला.

नदी वाचायची तर पाण्याची उष्णताही वाचावी लागते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. 20 अंशांना तो 9 मिलिग्रॅमवर येतो. पाणी तापते तशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. अशा वेळी गळाला लागून झुंजलेला मासा पूर्ण थकतो. सोडल्यावर तो शेपटी हलवत निघून जातो, आपल्याला समाधान वाटते आणि काही तासांनी तो प्रवाहात कुठेतरी मरतो. मरण नजरेआड होते, म्हणून ते हिशेबात धरले जात नाही.

मोंटाना राज्याने यावर नियम केला आहे. नदीचे पाणी सलग तीन दिवस सुमारे 23 अंशांवर गेले, तर दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवता येते. नियम योग्यच आहे, पण ट्राउटचे हाल त्या आकड्याच्या आधीच सुरू होतात. पाणी 20 अंशांच्या आसपास पोहोचले की काठी आवरून ठेवावी, हा दंडक गळवाल्याने स्वतःच पाळावा. खिशातला साधा तापमापक त्यासाठी पुरेसा आहे.

या बाबतीत स्मॉलमाउथ बासची मदत होते. ट्राउटला नकोसे होणारे कोमट पाणी त्याला मानवते. जिथे तो पूर्वीपासून आहे, तिथे ऐन उन्हाळ्यात तोच स्ट्रीमर घेऊन ट्राउटच्या वरच्या प्रवाहाऐवजी बासच्या खालच्या, कोमट पाण्याकडे जाता येते. हौसही भागते आणि ट्राउटला उसंत मिळते.

पण "जिथे तो पूर्वीपासून आहे, तिथे" ही अट मोलाची आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर सीमेजवळ, गार्डनर आणि यलोस्टोन नद्यांच्या संगमावर, एका गळाला स्मॉलमाउथ बास लागला. हा कटथ्रोट ट्राउटचा मुलूख, बासचा नव्हे. याच उद्यानातल्या यलोस्टोन सरोवरात 1994 मध्ये बाहेरचा लेक ट्राउट आढळला होता. त्याने कटथ्रोटची केलेली हानी भरून काढण्यासाठी आजवर लाखो लेक ट्राउट जाळ्यांनी काढावे लागले आहेत. एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात टाकणे सोपे असते. त्याला परत काढणे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होऊन बसते.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. लोणावळ्याजवळच्या टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून आपल्या दख्खनी महसीर माशाची पैदास होते. हेतू संवर्धनाचाच होता. मात्र या जातीचे मत्स्यबीज कावेरीतही गेले, आणि तिथला कुबडाचा महसीर ओसरत गेला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत नोंदला गेला. त्याच्या ऱ्हासाचा संबंध संशोधकांनी या बाहेरून आलेल्या महसीराशीही जोडला आहे. त्यासाठी त्यांना आधार मिळाला तो 1998 ते 2012 या काळात कावेरीकाठच्या गळवाल्यांनी ठेवलेल्या नोंदींचा. हौशी माणसाने नीट लिहून ठेवले, तर विज्ञानाचेही काम होते.

म्हणून गळवाल्यांकडून अपेक्षा स्पष्ट असाव्यात. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो क्षणात सुटतो. दोन गळांच्या लांब स्ट्रीमरचा एक गळ काढून टाकावा. मासा धरण्याआधी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. फोटोच्या हव्यासापायी त्याला पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नये. मासे एका नदीतून दुसरीत नेऊ नयेत. प्रत्येक फेरीत पाण्याचे तापमान आणि मिळालेली जात लिहून ठेवावी. सरकारांनी तापमानाचे आकडे रोज खुले ठेवावेत, आणि मत्स्यबीज कुठेही सोडण्यापूर्वी त्या नदीत आधी कोण राहते हे तपासणे सक्तीचे करावे. ज्या बारकाईने गेपन यांनी स्कल्पिनचे डोके निरखले, तीच बारकाई मासा सोडताना आणि गळ न टाकण्याचा निर्णय घेतानाही वापरली, तरच या खेळाला नदीवर हक्क सांगता येईल.